दोन बोगद्यांमधले डोंगर

फ्रान्समधील शामोनी आणि इटलीतील कुर्मायेर ह्या दोन गावांच्या मध्ये मों ब्लां हा सुमारे ४,८०६ मीटर उंचीचा बर्फाच्छादित पर्वत उभा आहे. १९६५ साली ह्या पर्वताच्या पोटातून ११.६ किलोमीटर लांबीचा बोगदा वाहतुकीस खुला झाला, आणि ज्या दोन खोऱ्यांतील माणसांना एकमेकांकडे जाण्यासाठी उंच खिंडी ओलांडाव्या लागत, ती आता मोटारीने थोड्याच वेळात एकमेकांच्या दारात उतरू लागली. २०१९ च्या ऑगस्टची ३० तारीख, शुक्रवार. त्या दिवशी सकाळी मी एका बसमधून ह्या बोगद्यातून गेलो. बसमधील प्रत्येकाच्या पाठीवर लहानशी पिशवी होती, पायांत बूट होते, छातीवर क्रमांक होता आणि चेहऱ्यावर परीक्षेच्या दिवशीचा भाव होता. सर्वांचा बेत एकच. बसने जे अंतर थोड्याच वेळात तोडले ते पर्वताला वळसा घालून, स्वित्झर्लंडमधून, परत पायांनी तोडावयाचे. तो वळसा सुमारे १०० किलोमीटरांचा असून त्यात चढच ६,००० मीटरांहून अधिक आहे. वेळेची मर्यादा साडेसव्वीस तास.

निघण्यापूर्वी घरी आईला हे सारे समजावून सांगितले तेव्हा ती म्हणाली, "बोगदा आहे म्हणतोस ना? मग डोंगरावरून कशाला?" हा प्रश्न वाचकांच्याही मनात येईल. त्याचे उत्तर माझ्यापाशी तेव्हा नव्हते, आणि आजही पुरते आहे असे म्हणवत नाही. मी येथवर कसा आलो, एवढे मात्र सांगू शकतो.

आमचे मूळ घर खानापूर तालुक्यात. नोकरीनिमित्त वास्तव्य बेळगावात. शाळेत मी गणित शिकवितो. धावण्याचा नाद मला चाळिशीत लागला, आणि गणित शिकविणाऱ्या माणसाला तो लागावा तसाच लागला, म्हणजे आकड्यांसकट. मुंबईची मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. मी तीत प्रथम धावलो २०१३ साली. मॅरेथॉनचे अंतर ४२ किलोमीटर आणि वर १९५ मीटर. हे १९५ मीटर कोठून आले, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू करून स्टेडियममधील राजघराण्याच्या सज्जासमोर संपविली; ते अंतर जे भरले तेच पुढे १९२१ साली सर्वत्र प्रमाण मानले गेले. राजाराणीच्या सोयीसाठी वाढलेले ते शेवटचे मीटर शंभर वर्षांनंतरही जगभरच्या धावकांच्या पोटऱ्यांत गोळे आणीत आहेत!

माझी महत्त्वाकांक्षा होती चार तासांच्या आत पोहोचण्याची. वांद्र्याकडून माहीमच्या कॉजवेवर आलो की संत मायकलचे चर्च दिसे. तेथे मी दरवर्षी घड्याळ पाही आणि दरवर्षी मनात बेरीज-वजाबाकी करी. रस्त्याच्या कडेला लहान मुले संत्र्याच्या फोडी आणि मिठाच्या पुड्या घेऊन उभी असत. त्यांचे हात मी पाहिले, चेहरे कधी पाहिले नाहीत. २०१६ साली मी चार तास, एक मिनिट आणि पन्नास सेकंदांत पोहोचलो. घरी परतताना गाडीत माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. एकशे दहा सेकंदांचा मला असा शोक झाला होता की जणू घरातले माणूस गेले.

त्याच वर्षी माझी डावी नडगी दुखू लागली. डॉक्टरांनी हाडावर पडलेला ताण दाखविला, तीन महिने धावणे बंद केले आणि जाताजाता म्हणाले, "पुन्हा धावायचेच असेल तर डांबर सोडा, मातीत जा." त्यांनी हे सहज म्हटले असावे. मी ते अक्षरशः घेतले.

येळ्ळूरचा राजहंसगड आमच्या गावापासून लांब नाही. तीन महिन्यांनी एका रविवारी मी त्याच्या पायथ्याशी उभा राहिलो आणि धावू लागलो. दोनशे पावलांतच छाती भरून आली आणि चालावे लागले. मॅरेथॉनमध्ये चालणे म्हणजे पराभव. तेथे चालणाऱ्याकडे लोक दयेने पाहतात. येथे पाहणारे कोणी नव्हते. एक गुराखी होता, त्याने विचारले, "काय हरवलंय का सर?" पुढे त्याच्या डोळ्यांदेखत मी त्या गडाच्या एका दिवसात पंधरा-पंधरा फेऱ्या मारू लागलो तेव्हा त्याने विचारणे सोडून दिले. पावसाळ्यात कणकुंबी आणि चोर्ल्याच्या बाजूच्या रानवाटा धरल्या. तेथे जळवा पायाला लागत, धुक्यात दहा पावलांपुढचे दिसत नसे, आणि घड्याळाचा काही उपयोग नसे. कारण एका किलोमीटरला कधी सहा मिनिटे लागत, कधी वीस. किती अंतर झाले ह्यापेक्षा किती पाणी उरले आणि उजेड किती वेळ आहे, हे प्रश्न मोठे होत. चोर्ल्याच्या रानात माझे गणित मुकाट्याने मागे पडले. मला ते बरे वाटले, हे कबूल करतो.

लांब डोंगरी शर्यतीला इंग्रजीत अल्ट्रा म्हणतात. मॅरेथॉनपेक्षा जे जे लांब ते अल्ट्रा. परंतु फरक केवळ लांबीचा नव्हे. मॅरेथॉनचा धावक शरीरात साठविलेल्या साखरेवर धावतो. तो साठा साधारण ३० किलोमीटरांच्या पुढे संपत येतो आणि पाय एकाएकी शिशाचे होतात. शंभर किलोमीटरांत ह्या साठ्याचा हिशेब फार वेळ पुरत नाही. तेथे सावकाश जावे लागते, म्हणजे शरीर चरबी जाळू शकते, आणि चालताचालता सतत खावे लागते. जाणकार अल्ट्राला 'खाण्याची शर्यत' म्हणतात ते थट्टेने नव्हे. चढावर चांगले चांगले धावकही हातांत काठ्या घेऊन चालतात. खरा घात करतो तो उतार. उतरताना मांड्यांचे स्नायू ताणलेल्या स्थितीत भार झेलतात, त्यांचे तंतू तुटतात, आणि चढाने न मोडलेला माणूस उतारावर बसतो. हे सर्व मी पुस्तकांतून वाचले होते. वाचणे निराळे!

मों ब्लांभोवतीची ही वाट जुनी आहे. जिनिव्हाचा शास्त्रज्ञ सोस्यूर ह्याने १७६७ साली ह्या पर्वताला प्रदक्षिणा घातली होती, आणि शिखरावर जाणारी वाट शोधील त्याला बक्षीसही जाहीर केले होते. ते शिखर ८ ऑगस्ट १७८६ रोजी शामोनीचे दोघे रहिवासी, जाक बाल्मा आणि डॉक्टर मिशेल पाकार, ह्यांनी गाठले. संपूर्ण प्रदक्षिणेची आजची शर्यत २००३ साली सुरू झाली. पहिल्या वर्षी सातशेंवर धावक निघाले, हवा बिघडली, आणि शर्यत पुरी करणारे केवळ ६७ निघाले. त्यांत पहिला आला तो नेपाळचा दावा शेर्पा. ती मोठी शर्यत १७० किलोमीटरांची. मी गेलो होतो तिच्या धाकट्या बहिणीला, कुर्मायेर–शांपे–शामोनी हिला. तिच्यासाठीदेखील आधी इतर मान्य शर्यती पुऱ्या करून गुण मिळवावे लागत आणि मग सोडतीत नाव निघावे लागे. चिकमगळूरच्या कॉफीच्या मळ्यांतून जाणाऱ्या एका शर्यतीत मी दोन वर्षे धावून ते गुण मिळविले. सोडतीत नाव निघाले तेव्हा आनंद झाला. पाठोपाठ खर्चाचा आकडा डोळ्यांपुढे आला. स्वयंपाकघराची कौले बदलण्यासाठी पतसंस्थेत ठेव ठेवली होती. ती मोडावी, असे मी म्हटले नाही. पत्नीच म्हणाली, "कौले आणखी एक पावसाळा काढतील. पण मी बरोबर येणार." मुलांना आईपाशी ठेवून आम्ही उभयता निघालो. तिच्या सामानात तांदूळ, लिंबाचे लोणचे आणि बेळगावचा कुंदा होता.

कुर्मायेरहून सकाळी नऊच्या सुमारास दोन हजारांवर माणसे गटागटाने सुटली. गाव संपताच वाट उभी होते, आणि पहिल्या दहा किलोमीटरांतच तेराशे-चौदाशे मीटर चढवून अडीच हजार मीटरांच्या माथ्यावर नेऊन सोडते. एकामागे एक, मुंग्यांची रांग. कोणी बोलत नव्हते. काठ्यांचा खडखडाट आणि श्वास एवढेच ऐकू येत होते. माथ्यावर आलो, मान वर केली, आणि डाव्या हाताला मों ब्लांची इटालियन बाजू एकदम समोर उभी राहिली. ह्या बाजूस बर्फापेक्षा खडक अधिक; काळे, उभे, भेगाळलेले कडे आणि त्यांच्या घळींतून लोंबणाऱ्या हिमनद्या. ह्याच बाजूकडील एका वाटेला 'पोपची वाट' म्हणतात. पुढे अकरावे पायस झालेले आकिल्ले रात्ती हे तरुणपणी पट्टीचे गिर्यारोहक होते. १८९० साली मों ब्लांवर जाऊन ते ह्या बाजूने उतरले होते.

बेर्तोने आणि बोनात्ती ही दोन विश्रामगृहे जोडणारी वाट डोंगराच्या कुशीतून जवळजवळ सपाट जाते. तेथे मी दिवसातले सर्वांत सुखाचे तास घालविले. उन्हात गवत वाळून सोन्यासारखे झालेले, गाईंच्या गळ्यांतील घंटा खालच्या कुरणांतून वाजत असलेल्या, आणि पाय अजून माझे ऐकत होते. आर्नुवा येथे तंबूत खाणे होते. शेवयांचे सूप, पाव, चीज, संत्री. कागदी पेले तेथे देत नाहीत. प्रत्येकाने आपला पेला बरोबर आणावयाचा, असा नियम. दोन विजेऱ्या, शिटी, पावसाळी अंगरखा आणि अंगाभोवती लपेटण्याचा चंदेरी कागद हेही सक्तीचे. सामान कोठेही तपासतात, आणि एखादी वस्तू नसेल तर दंड होतो. ह्या कडकपणाचे मला प्रथम हसू आले होते. ग्रां कॉल फेरे ह्या खिंडीवर, २,५३७ मीटर उंचीवर, संध्याकाळी पाचच्या सुमारास पोहोचलो. तेथे वाऱ्याने घाम क्षणात गोठविला आणि हसू आपोआप थांबले. खिंडीवर सीमेची खूण आहे. एक पाय इटलीत, एक स्वित्झर्लंडमध्ये ठेवून मी छायाचित्र काढवून घेतले. बेळगावच्या माणसाला सीमेचे इतके अप्रूप नसावे, पण ही सीमा गायीही बिनदिक्कत ओलांडीत होत्या.

ला फूलीकडे उतरताना पूर्वेच्या डोंगरांपलीकडे ग्रेट सेंट बर्नार्डची खिंड आहे. ती वाटेतून दिसत नाही; तथापि तिच्याविषयी लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. सुमारे २,४७० मीटर उंचीच्या त्या खिंडीत अकराव्या शतकात मेंथॉनचे संत बर्नार्ड ह्यांनी वाटसरूंसाठी धर्मशाळा उघडली. बर्फात वाट चुकलेल्यांना शोधून आणण्याचे काम तेथील धर्मबंधू शतकानुशतके करीत आले. ते मोठे, केसाळ कुत्रे त्यांचेच. धर्मशाळा आजही चालू आहे. १९२३ साली अकराव्या पायसांनी संत बर्नार्ड ह्यांना गिर्यारोहकांचे आश्रयदाते घोषित केले. आपल्याच एका जुन्या छंदाची पोप महाशयांनी अशी सोय लावली, असे कोणी विनोदाने म्हणाल्यास त्यात अनादर नसावा.

ला फूलीनंतर अंधार पडला. पंचांगाप्रमाणे त्या दिवशी अमावास्याच होती. कपाळावरच्या विजेरीचा उजेड पायांपुढे एका परातीएवढा पडे, आणि त्या परातीत दगड, मूळ, चिखल, पुन्हा दगड असे काही ना काही येत राही. प्राझ द फोर नावाच्या खेड्यातून गेलो. जुनी लाकडी घरे, काळवंडलेल्या फळ्या, खिडक्यांत फुलांच्या कुंड्या. एका घरासमोर दोन लहान मुली टेबल मांडून चहा वाटीत होत्या. ह्या वेळी मी त्यांचे चेहरे पाहिले. त्यांपैकी धाकटी झोपेने पेंगत होती आणि थोरली तिला कोपराने ढोशीत होती.

त्यानंतर शांपेचा चढ, आणि तेथे माझे पोट फिरले. दुपारपासून चीज, गोड सरबत आणि कुंदा ह्यांचा जो संसार मी पोटात थाटला होता, तो मोडला. दोनदा वाटेच्या कडेला ओकलो. शांपेच्या तळ्याकाठच्या मोठ्या तंबूत शिरलो तेव्हा अंगात हुडहुडी भरली होती. नेमून दिलेल्या जागीच कुटुंबीयांना मदत करता येते. पत्नी तेथे बसने येऊन तीन तास बसली होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिले, काही विचारले नाही, आणि थर्मासमधून पेज काढली. मिठाची, गरम, वर लोणच्याची एक फोड. भाड्याच्या खोलीत दुपारी शिजवून ती तिने दोन बसगाड्या बदलून आणली होती.

"मला निघायला हवे," मी म्हणालो.

"आधी हे प्या. हळूहळू. नाहीतर पुन्हा बाहेर येईल."

मी प्यालो. तिने माझे ओले मोजे बदलले, पाय आपल्या शालीत धरून ठेवले. चाळीस मिनिटे गेली. उठलो तेव्हा कंप थांबला होता, आणि तंबूबाहेर पाय टाकताना मला पुन्हा माणसासारखे वाटत होते.

शांपेपासून बोव्हीनच्या कुरणापर्यंतचा चढ हा दिवसा कदाचित सुंदर असेल. रात्री तो नुसताच दगडांचा जिना आहे, आणि त्याला शेवट नाही. मध्यरात्रीनंतर केव्हातरी मी एका धोंड्यावर बसलो. दुखत काही नव्हते. नुसते मन बंद पडले होते. खालच्या अंधारात विजेऱ्यांची माळ वर सरकत होती आणि वरच्या अंधारात दुसरी माळ ताऱ्यांत मिसळत होती, मध्ये मी. कुठल्याशा काळ्या, बुटक्या गाईचे डोळे माझ्या उजेडात चमकले. तिने रवंथ थांबविला नाही.

तेवढ्यात कोणी खांद्यावर थाप मारली. वयस्क बाई असावी, आवाजावरून वाटले. फ्रेंचमध्ये दोन शब्द बोलली, "आले, आले!" म्हणजे "चला, चला." आणि थांबली नाही. मी का उठलो ते सांगता येत नाही. तिच्या टाचांमागे चालू लागलो. तिच्या एका बुटाची नाडी तांबडी होती आणि दुसऱ्याची पिवळी. पुढचे अडीच-तीन तास मी जगात दुसरे काही पाहिले नाही. ती थांबली की मी थांबे, ती चालली की चाले. तिने एकदाही मागे वळून पाहिले नाही, पण उंच पायरी आली की काठी दगडावर दोनदा आपटी. ते माझ्यासाठीच होते असे मला वाटते. त्रियांच्या गुलाबी रंगाच्या चर्चपाशी, तंबूत, गर्दीत ती दिसेनाशी झाली.

त्रियांहून कातोन्येचा डोंगर चढून उतरले की पुन्हा फ्रान्स लागतो. ह्या उतारावर माझ्या मांड्यांनी साथ सोडली. उजाडत होते; व्हालोर्सीनची घरे खाली दिसत होती, स्वयंसेवकांचा आवाज येत होता, आणि मी काठ्यांवर भार देऊन, आडवा, खेकड्यासारखा उतरत होतो. तेथील चौकी बंद होण्याच्या वेळेनंतर नऊ मिनिटांनी मी तेथे पोहोचलो. एका तरुण स्वयंसेवकाने माझे दोन्ही हात हातांत घेतले, मान हलविली आणि माझा क्रमांक बाद केला. ८३ किलोमीटर झाले होते. राहिले होते १८.

व्हालोर्सीनहून शामोनीला तांबडी-पांढरी छोटी आगगाडी जाते. पुढची खिंड, कॉल दे मोंते, ती बोगद्याने पार करते. ज्या खिंडीवरून मी धावत जावयाचे तिच्या पोटातून मला बसवून नेण्यात येत होते. गाडी बोगद्यात शिरली, काचेत आमची दोघांची प्रतिबिंबे दिसू लागली. पत्नी खिडकीकडे पाहत म्हणाली, "शांपेला मी तुम्हांला बसविले नसते, तर ती नऊ मिनिटे वाचली असती."

येथे मी तत्काळ "नाही" म्हणावयास हवे होते. ते खरेही होते. त्या पेजेवाचून मी बोव्हीनपर्यंतही पोहोचलो नसतो. पण माझ्यातला तो मुंबईचा, एकशे दहा सेकंदांचा हिशेब करणारा माणूस अजून मेला नव्हता. तो मनात चाळीसांतून नऊ वजा करीत होता. बोगदा सुमारे दोन किलोमीटरांचा आहे. तो संपेपर्यंत मी काही बोललो नाही. उजेड आला तेव्हा "छे, तसे काही नाही," असे म्हणालो. पण तोपर्यंत उशीर झाला होता, आणि ह्या उशिराची नोंद कोणत्याही चौकीवर नव्हती.

शामोनीत शर्यत संपते ती कमान गावाच्या मध्यात, संत मिशेलच्या चर्चच्या पुढ्यात असते. माहीमचे ते चर्चही ह्याच देवदूताचे. मला हा योगायोग तेथे उभा राहिल्यावर सुचला. आम्ही दोघे कठड्याला टेकून उभे राहिलो. शेवटचे धावक येत होते. कोणी मुलाला कडेवर घेऊन, कोणी म्हाताऱ्या वडिलांचा हात धरून. मी पाय पाहत होतो. वेळ संपावयास थोडा अवकाश असताना तांबडी नाडी आणि पिवळी नाडी आली. बाई साठीच्या घरातली, पांढऱ्या केसांची, उंचीने माझ्या आईएवढी. मी ओरडलो, हात हलविला. तिने सगळ्यांकडे पाहून हात हलविला तसाच माझ्याकडेही हलविला. तिने मला ओळखण्याचे कारणच नव्हते. त्या रात्री तिने माझा चेहरा पाहिलाच नव्हता. पत्नीने विचारले, "कोण ती?" मी सांगितले. ती ऐकून घेऊन इतकेच म्हणाली, "तिला पेज द्यायला हवी होती."

त्याच दुपारी मोठ्या शर्यतीचा विजेता, स्पेनचा पाऊ कापेल, १७० किलोमीटर २० तास १९ मिनिटांत संपवून आला. गर्दी वेडी झाली होती. तो हसत होता. मला त्याच्या मांड्यांचे आश्चर्य वाटत होते. रविवारी सकाळी आम्ही मिस्साला गेलो. चर्चमध्ये पुष्कळांच्या पायांना पट्ट्या होत्या, गुडघे टेकताना सगळ्या बाकांवरून कण्हण्याचा आवाज आला, आणि बाहेरून मधूनमधून टाळ्या ऐकू येत होत्या. कोणीतरी ४० तासांनंतर घरी येत होता.

सोमवारी परतीच्या प्रवासाला एक दिवस होता. सकाळी मी म्हणालो, "व्हालोर्सीनला जाऊ या. राहिलेले अठरा किलोमीटर चालू. तू आणि मी." तिने माझ्या पायांकडे पाहिले, मग आपल्या चपलांकडे. तिचे बूट साधे, बाजारात जाण्याचे होते. तिने तांदूळ धुवावयास घेतले.

आगगाडीने त्या बोगद्यातूनच गेलो. जाताना मी बोललो. जे शनिवारी बोलावयाचे होते ते सारे, आणि शिवाय २०१६ च्या परतीच्या प्रवासाबद्दलही. ती म्हणाली, "ते मला तेव्हाच कळले होते." मग व्हालोर्सीनला उतरलो आणि खिंडीकडे चालू लागलो.

मार्गखुणांच्या फिती काढून नेल्या होत्या. वाटेत जांभळांसारखी लहान रानफळे लागली; ती तोडूनतोडून तिची बोटे निळी झाली. चढावर ती माझ्यापेक्षा बरी चालत होती, कारण तिच्या मांड्या शाबूत होत्या. उतारावर मी तिच्या खांद्यावर हात ठेवी. ला फ्लेजेरच्या उंचवट्यावर बसून आम्ही पेज प्यालो. समोर, दरीपलीकडे, मेर द ग्लास ही हिमनदी आहे. 'बर्फाचा समुद्र' असे तिचे नाव. १९०९ साली तिच्या काठापर्यंत डोंगरी आगगाडी नेली तेव्हा प्रवासी स्थानकातून उतरून जवळजवळ थेट बर्फावर पाय ठेवीत. २०१९ साली त्याच बर्फापर्यंत पोहोचावयास पाचशेंवर पायऱ्या उतराव्या लागत होत्या. समुद्राची ओहोटी झाली होती. वरून पाहताना दरीत धूसर दगडांचा पट्टाच अधिक दिसला. पत्नीने विचारले, "परत कधी भरेल?" मी गणिताचा शिक्षक, पण ह्या प्रश्नाला उत्तर देण्याचे मी टाळले.

२०२० साली महामारीमुळे ती शर्यत भरलीच नाही. मी पुन्हा अर्ज केला नाही. घराची कौले मात्र त्याच वर्षी बदलली. राजहंसगडावर अजून जातो.

त्या सोमवारी आम्ही शामोनीच्या चौकात पोहोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. अठरा किलोमीटरांना नऊ तास लागले होते. कमान उतरविली जात होती. दोन कामगार जमिनीवरचा गालिचा गुंडाळीत आमच्या दिशेने येत होते, आणि आमची वाट पाहत ते क्षणभर थांबले. आम्ही उरलेल्या गालिच्यावरून गेलो. मग चर्चच्या पायरीवर बसून तिने बूट काढले. उजव्या टाचेला रुपयाएवढा फोड आला होता. तिने तो मला दाखविला.

"बघा," ती म्हणाली, "आता मीपण."